अठराव्या दिवशी

(दहावी १९८५च्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं असं संयोजकांनी ठरवलं, तेव्हाच मला घाम फुटला होता. माझ्या आधी बँकेतल्या मैत्रिणीने फसवणुकीच्या फोनबद्दल सांगितलं, आपल्या वकिलाने सातबाऱ्याबद्दल सांगितलं. सगळ्यांच्या उपयोगाचं. मी कोंबड्यांचा डॉक्टर. शाळेत तुम्ही मला कोणत्या नावाने हाक मारायचा ते मला आठवतं, तुम्हालाही आठवतं, आणि स्मरणिकेच्या संपादकांना विनंती आहे की ते छापू नये.

सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेतून करतो. आठवीत असताना विज्ञानाच्या सरांनी मला घरून खुडूक कोंबडीखालची चार अंडी आणायला सांगितली होती. आईने कुरकुर करत दिली, आणि 'तासाभरात परत आण' असा दम भरला. सरांनी खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडं धरलं आणि मागून बॅटरी लावली. आत लाल जाळी दिसली. मध्ये एक काळा ठिपका हलत होता. मागच्या बाकावरचा कोणीतरी ओरडला, "सर, आत कोणीतरी आहे!" सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो, तेच काम मी पुढे आयुष्यभर केलं. अंड्यामागे दिवा धरायचा आणि आत कोण आहे ते बघायचं. आमच्या धंद्यात त्याला कँडलिंग म्हणतात. फरक एवढाच की चार अंड्यांऐवजी रोज पंचवीस-तीस हजार.

आता दुसरी आठवण, ती तितकी गोड नाही. नववीत असताना वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून ५०० लेअर पिल्लं आणली होती. अंड्यांचा धंदा. घराच्या मागे पत्र्याची शेड, खाली भुसा. पिल्लं छान वाढली, तलंगा झाल्या. अंड्यावर यायला तीन-चार आठवडे उरले असतील, आणि एका सकाळी एक तलंग विचित्र बसलेली दिसली. एक पाय पुढे ताणलेला, एक पाय मागे. डोळे टकटकीत, खायला टाकलं तर मान पुढे करून खाते, पण उठता येत नाही. दुसऱ्या दिवशी सहा. आठवड्यात चाळीस. कोणी म्हणालं जीवनसत्त्व कमी पडलं, कोणी म्हणालं पायाला तेल चोळा. आईने खरंच तेल चोळलं. सगळ्या शेडमध्ये संध्याकाळी तेल चोळत बसायची.

तालुक्याचे पशुवैद्य आले. त्यांनी एक तलंग कापली आणि मांडीतली नस मला दाखवली. दोन्ही बाजूंच्या नसा शेजारी ठेवल्या: एक दोऱ्यासारखी, दुसरी तिच्या दुप्पट-तिप्पट जाड, पिवळट. यकृतावर पांढऱ्या गाठी. ते म्हणाले, "हा मरेक्स. कोंबडीचा कॅन्सर म्हण. औषध नाही." वडील म्हणाले, "पण पिल्लांना लस दिलीय असं सांगितलं होतं." डॉक्टर म्हणाले, "दिली असेल. पण दिली तेव्हा ती जिवंत होती का?"

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. लस कशी मरेल? लस म्हणजे बाटलीतलं औषध. ते कळायला मला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावं लागलं, आणि अंगात मुरायला त्याहून बरीच वर्षं गेली. दीडशेच्या वर तलंगा गेल्या. कर्ज मी नोकरीला लागल्यावर फिटलं.

मरेक्स हे नाव हंगेरीतल्या एका पशुवैद्याचं. योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये बुडापेस्टला चार कोंबड्यांच्या पायांना लकवा झालेला पाहिला आणि नसांना सूज आहे असं लिहून ठेवलं. चार. आज जगभर अब्जावधी पिल्लांना या रोगाची लस दिली जाते, त्याची सुरुवात त्या चार कोंबड्यांपासून. तो विषाणूचा रोग आहे, नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, हे सापडायला १९६७ उजाडलं. ते काम इंग्लंडमध्ये झालं. मग लगेच लशीची धडपड सुरू झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यात ईस्ट लान्सिंग इथे कृषी खात्याची कोंबड्यांच्या रोगांची प्रयोगशाळा होती. तिथल्या लोकांना टर्की पक्ष्यात त्याच कुळातला एक विषाणू मिळाला. तो टर्कीला काही करत नाही, कोंबडीलाही काही करत नाही, पण तो अंगात असला की कोंबडीला मरेक्सच्या गाठी होत नाहीत.

आपल्या सगळ्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत. आपल्यानंतरच्या मुलांना ते नाहीत. गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर लस निघाली, तसंच हे. टर्कीच्या विषाणूतून कोंबडीची लस. १९७१ पासून ती अमेरिकेत वापरात आली. कॅन्सरवर लस कधी निघणार असं आपण वर्तमानपत्रात वाचत होतो, तेव्हा कोंबड्यांमध्ये ती निघालेली होती. हे मी कौतुकाने सांगतो, कारण आमच्या धंद्याला कोणी फारसं विज्ञान समजत नाही.

पण एक अडचण राहिली. ही लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर, पहिल्याच दिवशी, मानेच्या कातडीखाली टोचायची. लशीचा विषाणू अंगात वाढून पिल्लू तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. आणि मरेक्सचा खरा विषाणू कुठे असतो? कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि कोंड्याबरोबर, धुळीबरोबर शेडभर उडतो. महिनोन् महिने तिथे टिकतो. पिल्लू पोल्ट्रीवर पोचलं की पहिल्या तासातच श्वासाबरोबर आत जातो. म्हणजे एकीकडे लस, एकीकडे रोग, आणि दोघांची शर्यत. लशीला दोन-तीन दिवस आधी सोडता आलं तर?

ते त्याच ईस्ट लान्सिंगच्या प्रयोगशाळेत जगदेव शर्मा आणि बर्मेस्टर या दोघांनी करून दाखवलं. १९८२ मध्ये. आपण सातवीत होतो. त्यांनी उबवणीच्या अठराव्या दिवशी अंड्याला टाचणीएवढं भोक पाडून लस आत सोडली. पिल्लं वेळेवर, नीट बाहेर आली, आणि लवकर रोगाला सामोरं नेल्यावर पहिल्या दिवशी टोचलेल्या पिल्लांपेक्षा जास्त वाचली. त्या काळी पक्ष्याचा गर्भ म्हणजे कच्चा माल, त्याला प्रतिकारशक्ती कुठली, असं बरेच जण मानत. अठराव्या दिवशी ते पिल्लू आपलं आपण लढायला शिकू शकतं, हे त्या प्रयोगाने कळलं. पुढे १९९२ च्या सुमाराला नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कंपनीने ताशी हजारो अंड्यांना टोचणारं मशीन हॅचऱ्यांत आणलं, आणि काही वर्षांत तिकडच्या बहुतेक ब्रॉयलर पिल्लांना अंड्यातच लस मिळायला लागली.

इथे थांबून एक खुलासा, कारण चहाच्या वेळी दोघांनी मला विचारलं: "म्हणजे अंड्यांना इंजेक्शन देतात ते खरंच आहे तर!" व्हॉट्सअॅपवर तसं फिरतं. अहो, तुम्ही खाता ती अंडी वेगळी. ती कोंबड्याशिवाय पाळलेल्या लेअर कोंबड्यांची, त्यातून पिल्लू निघतच नाही. त्यांना कोणी सुई लावत नाही. मी सांगतोय ती उबवायची अंडी, ती हॅचरीतून फक्त पिल्लू म्हणून बाहेर पडतात. आणि लेअरच्या हॅचरीत तर हे मशीन फारसं चालत नाही, कारण तिथे निम्मी पिल्लं नर निघतात, त्यांच्यावर लस कोण वाया घालवणार? तिथे अजून पहिल्या दिवशी मादी पिल्लं निवडून हातानेच टोचतात. अंडाकरी निश्चिंतपणे खा.

तर अठरावा दिवस. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांत निघतं, हे खेड्यातल्या कोणालाही माहीत आहे. हॅचरीत पहिले अठरा दिवस अंडी सेटरमध्ये असतात, तिथे ट्रे दर तासाला कलतात. जुन्या बायका म्हणतात तसं, खुडूक कोंबडी चोचीने अंडी फिरवते, तेच काम मशीन करतं. अठराव्या दिवशी अंडी हॅचरच्या जाळीत हलवायची असतात. त्या बदलीच्या वेळीच लस द्यायची.

त्या दिवशी आत काय चित्र असतं सांगतो. पिल्लू जवळजवळ पूर्ण झालेलं असतं. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी, तिच्याकडे डोकं, आणि डोकं उजव्या पंखाखाली घातलेलं. पिल्लाभोवती पाण्याची पातळ पिशवी असते. ते पाणी पिल्लू शेवटच्या दिवसांत गिळतं. लस त्या पाण्यात पडली पाहिजे, नाहीतर पिल्लाच्या अंगात, खांद्यापाशी. वर हवेच्या पोकळीत पडली, वाया. बाजूच्या दुसऱ्या पिशवीत, जिथे पिल्लाची घाण साठते, तिथे पडली, तरी वाया. सुई फार तर इंचभर आत जाते आणि लस किती, ०.०५ मिली. थेंब. सतराव्या दिवशी दिली तर पिल्लू लहान, सुई चुकीच्या पिशवीत जाते. एकोणीस पूर्ण झाले की पिल्लं कवच टोचायला लागलेली असतात. मध्ये दिवसभराची फट आहे.

सुई बरोबर जागी जाते का ते बघायला आम्ही काही अंड्यांत लशीऐवजी रंग सोडतो आणि ती फोडून बघतो. रंग कुठे लागला? खांद्यावर, ठीक. हवेच्या जागी, मशीन थांबवा. ही अंडी, म्हणजे ती पिल्लं, त्यात जातात. हे काम मी पहिली काही वर्षं दुसऱ्याला सांगायचो. मग लाज वाटली आणि स्वतः करायला लागलो.

आता लशीबद्दल, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. ही लस म्हणजे जिवंत पेशी. विषाणू त्या पेशींच्या आत बसलेला असतो. पेशी मेली की विषाणूही गेला. म्हणून काचेच्या छोट्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला ठेवतात. कुपी काढली की कोमट पाण्यात, २७ अंशाला, मिनिट-दीड मिनिट धरायची. चेहऱ्याला काच लावून, कारण ती फुटू शकते. मग सुईने हळू उचलून पातळ करायच्या द्रावणाच्या पिशवीत सोडायची. जोरात हलवायचं नाही, पेशी फुटतात. आणि एकदा पिशवी तयार झाली की तासाभरात संपवायची. ताशी वीस-पंचवीस हजार अंडी टोचणाऱ्या मशीनला ते सहज जमतं. मशीन चालू असेल तर.

पिशवीतली लस मेली तरी ती तशीच दिसते. तोच रंग, तोच पातळपणा. सुईतून तशीच जाते, पिल्लं तशीच निघतात, चिवचिवतात, पिवळीधमक. तालुक्याच्या डॉक्टरांनी वडिलांना जे विचारलं होतं, त्याचं उत्तर हॅचरीतल्या कोणालाही डोळ्याने देता येत नाही. ते महिन्याभराने दुसऱ्या कोणाच्या तरी शेडमध्ये कळतं.

२०१४ ची गोष्ट. मी एका ब्रॉयलर हॅचरीत तांत्रिक प्रमुख होतो. नाव सांगत नाही. आम्ही अंड्यात जी लस द्यायचो ती नुसती मरेक्सची नव्हती. टर्कीच्या त्याच विषाणूत गंबोरोच्या विषाणूचा एक तुकडा बसवलेला असतो, म्हणजे एका थेंबात दोन्ही रोग. गंबोरो हा ब्रॉयलरवाल्यांचा खरा शत्रू. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला गाठतो. शेपटीखाली बर्सा नावाची पिशवी असते, प्रतिकाराच्या पेशी तिथे घडतात, ती तो उद्ध्वस्त करतो. आपण रक्ताच्या संदर्भात बी-पेशी असा शब्द ऐकतो, त्यातला बी हा या बर्साचाच. नेहमीची गंबोरोची लस पोल्ट्रीवर पाण्यातून देतात, पण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तिला मारतात, म्हणून नेमका दिवस साधावा लागतो. अंड्यातल्या लशीला ती अडचण फारशी येत नाही. म्हणून आम्ही शेतकऱ्यांना छातीठोकपणे सांगायचो: आमची पिल्लं घ्या, पाण्यातून गंबोरो द्यायची गरज नाही.

एका सकाळी कॉम्प्रेसर बंद पडला. आमचं मशीन हवेच्या दाबावर चालतं. पिशवी लावलेली, पाव संपलेली, आणि मशीन ठप्प. मेकॅनिक आला, पट्टा आणायला गेला, परत आला. मशीन चालू झालं तेव्हा ती पिशवी बांधून दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. ऑपरेटर पोरगा हुशार होता. त्याने विचारलं, "साहेब, पिशवी टाकू ना?"

मी पिशवीकडे बघितलं. एका पिशवीची किंमत मला माहीत होती. त्या महिन्यात आम्ही आधीच दोन टाकल्या होत्या आणि त्यावरून मला बोलणी बसली होती. खोली थंड होती, काही पेशी नक्कीच जिवंत असतील, असं मी मनाशी म्हणालो. "चालू दे," म्हणालो. नऊ हजार अंडी त्या पिशवीवर गेली. रजिस्टरमध्ये मी पिशवी लावल्याची वेळ लिहिली, संपल्याची जागा कोरी ठेवली. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की वरून दबाव होता. बोलणी बसली होती एवढंच खरं. निर्णय माझा.

तीन दिवसांनी पिल्लं निघाली. तीन पोल्ट्र्यांवर गेली, तीन-तीन हजार. त्यातली एक पोल्ट्री आपल्या वर्गातल्या एका मित्राची, विट्याकडची. तो इथे बसलाय. दुसरी त्याच्याच शेजाऱ्याची, मध्ये फक्त बांध. तिसरी जरा लांब.

मला झोप येईना. पिल्लं पाच दिवसांची झाली तेव्हा मी मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "पिल्लं गेली ना? आता कशाला वाच्यता?" मी मान डोलावली. बाहेर आलो आणि मित्राला फोन लावला. म्हणालो, "चौदाव्या दिवशी पाण्यातून गंबोरो दे." तो म्हणाला, "का रे? तुम्ही तर अंड्यातच देता." मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "शेजारी सांगितलंस का?"

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. मित्राला सांगितलं म्हणजे मी माझं काम केलं असं वाटलं असावं. शेजारी ओळखीचा नव्हता. त्याला सांगितलं तर तो हॅचरीत भांडायला येणार, मालकांना कळणार. रोज उद्यावर टाकलं. चौदावा दिवस गेला. मित्राने त्या दिवशी तासभर पाणी तोडलं, पाण्यात दूध पावडर घातली, म्हणजे क्लोरीन लशीला मारत नाही, आणि लस पाजली. सगळं नीट केलं. आणि त्याला वाटलं की बांधापलीकडेही तेच चाललंय.

चोविसाव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "अरे, शेजारच्या शेडमध्ये मर लागलीय. त्याला तू सांगितलं होतंस ना?"

मी गेलो. पिल्लं पिसं फुगवून, माना टाकून एकावर एक बसलेली. पांढरी, पाण्यासारखी विष्ठा. मी दारातच चार पक्षी कापले. बर्सा सुजलेला, मांडीच्या मांसात रक्ताचे फटकारे. शेजारी माझ्या खांद्यावरून बघत होता. माझ्याहून लहान, तिशीतला. त्याने विचारलं, "डॉक्टर, हे काय आहे? आमची पिल्लं तर लसवाली आहेत."

माझ्या वडिलांचं वाक्य.

तिथेच, कापलेल्या पक्ष्यांसमोर, मी त्याला सांगितलं. पिशवीची वेळ, कॉम्प्रेसर, मित्राला केलेला फोन, त्याला न केलेला फोन. वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही. शेडमध्ये गेला आणि मेलेली पिल्लं गोळा करायला लागला. मीही गेलो. आठवड्यात चारशेच्या वर मेली, उरलेल्यांची वजनं बसली ती बसलीच. मित्राच्या शेडमध्ये तुरळक मर झाली आणि थांबली. तिसऱ्या पोल्ट्रीवर त्याच दिवशी फोन केला. उशीर झाला होता, पण तिथे काही झालं नाही. असंही होतं.

लस चांगली असती तर त्याच्या शेडमध्ये गंबोरो आलाच नसता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. जुनी गादी, बाजूला दुसऱ्या पोल्ट्र्या, रोग कुठूनही येतो. पण चौदाव्या दिवशी पाण्यातून देण्याची संधी त्याला होती आणि ती मी त्याच्याकडून काढून घेतली. तो हिशेब कोणत्याही पुस्तकातून सुटत नाही. मालकांना मी लेखी कळवलं. त्यांनी पुढच्या लॉटची पिल्लं त्याला निम्म्या दराने दिली, कारण कुठेही लिहिलं नाही. मी वर्षभराने ती नोकरी सोडली. या कारणाने नाही, पगाराच्या कारणाने. खोटं कशाला सांगू.

मात्र त्या आठवड्यापासून प्रत्येक पिशवीवर मार्करने मोठ्या आकड्यांत वेळ लिहायची पद्धत पाडली. तासाच्या वर गेली की फेकायची, आणि फेकायचा अधिकार ऑपरेटरचा. साहेबाला विचारायचं नाही. पुढे जिथे जिथे गेलो तिथे हा नियम नेला. पिशवीची किंमत आता लशीच्या खर्चात आधीच धरलेली असते.

एक गोष्ट बाजूला सांगायची राहिली. मशीन येण्याआधी पहिल्या दिवसाच्या पिल्लांना टोचायला आसपासच्या गावांतल्या बायका यायच्या. एका हाताने पिल्लू उचलायचं, दोन बोटांत मानेचं कातडं धरायचं, सुईवर टेकवायचं, सोडायचं. तासाला दोन हजारांवर. दुपारनंतर हात थकले की पिल्लं नुसतीच पुढे जायची, बोटालाही सुई टोचायची. मशीनने ते थांबवलं, आणि त्या बायकांपैकी निम्म्यांचं कामही थांबवलं. उरलेल्या पिल्लं निवडण्याच्या टेबलावर गेल्या. मशीनचं गुणगान करताना हे मी विसरत नाही.

आणखी एक. मरेक्सची लस कोंबडीला गाठी होऊ देत नाही, पण खरा विषाणू अंगात शिरण्यापासून आणि कोंड्यातून बाहेर पडण्यापासून ती पूर्ण थांबवत नाही. २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एरवी आपल्या यजमानाला लगेच मारून स्वतःही संपणारे जहाल विषाणू लसवंत कोंबड्यांत दीर्घकाळ टिकून पसरू शकतात. गेल्या पन्नास वर्षांत मरेक्स जास्त जहाल झाला, लशी बदलाव्या लागल्या. म्हणून कोणी पोल्ट्रीवाला म्हणाला की लस दिलीय, आता शेड धुवायची काय गरज, तर त्याच्याशी मी भांडतो. शेड धुवा, जुनी गादी काढा, दोन लॉटमध्ये मोकळा वेळ ठेवा. गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांनीही पिल्लं घेताना विचारावं: कोणती लस, कधी दिली, आणि मानमोडीची कधी द्यायची. विचारलं की समोरचा जरा सरळ बसतो.

हे सगळं मेळाव्यात सांगू का, असं काल रात्री मी त्या मित्राला विचारलं. आपण शाळेच्या ओट्यावर बसलो होतो, बाकीचे गाणी म्हणत होते. तो म्हणाला, "सांग. माझं नाव घेऊ नको. शेजाऱ्याचं तर मुळीच नको, तो संकोचेल." मग म्हणाला, "आणि तो अजून तुला फोन करतो ते सांग."

करतो. शेजारी अजून ब्रॉयलर करतो, आता सहा हजारांची शेड आहे, आणि पिल्लं मी सध्या सल्ला देतो त्या हॅचरीतून घेतो. दर लॉटला, पिल्लं पोचण्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे अठराव्या दिवशी, त्याचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. एकच विचारतो, "डॉक्टर, पिशवी किती वाजता लावली?" मी रजिस्टर मागवतो आणि वाचून दाखवतो. गेल्या मंगळवारी आला होता. सहा पंचेचाळीसला लावली, सात पस्तीसला संपली. "बरं," म्हणाला आणि ठेवला.